हरेल तिनं नियम करायचा

तिगबुलान,
११ मार्च १९९६

इन्दाय लिझा, माझ्या पोरी,

बसच्या कंडक्टरनं तुझं पाकीट आणून दिलं तेव्हा मी वाळत घातलेली मासळी उलटत होते. त्यामुळे पाकिटाला वास लागलाय आणि या कागदालाही लागणार. बेकरीत उघडू नकोस, गिऱ्हाइकं पळतील.

तू इथून गेलीस त्याला वर्ष उलटून गेलं. वर्षभर ओळ नाही, आणि आता पाकिटात दोन कागद. एक लांबलचक, टाइप केलेला, वकिलाचा. दुसरा बोटभर, तुझ्या हातचा : "नानाय, माझं चौथं घर. आता तुझी पाळी."

बोटभर कागदाला आधी उत्तर देते.

कवड्या खेळायचा आपला सुंगकाचा पाट माळ्यावरून काढला. कडेला उंदरानं दात लावलेत, बाकी ठीक आहे. कवड्या पुसून दोन्ही बाजूंच्या खळग्यांची घरं भरली. मग तुझ्या बाजूला जाऊन बसले, तुझं चौथं घर उचललं आणि एकेक कवडी पेरत आले. शेवटची येऊन पडली माझ्या दारात. चांगली खेळी नाही. वर्षभर हात लावला नाहीस ना पाटाला? मग उठून माझ्या बाजूला येऊन बसले. माझं दुसरं घर उचललंय. तुझ्याकडे पाट नसेल तर अंड्यांच्या ट्रेमध्ये मांड. बेकरीत अंडी असतातच.

लांब कागद मला कळला नाही. शेजारच्या कोरिंगकडून समजून घेतला. तिनं दोनदा वाचला आणि म्हणाली, "एलिसेओ वारला असं कोर्टाकडून लिहून हवंय तिला. तुफानात त्याची होडी गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली, आता मिळतं म्हणे. त्याच्या आईनं, म्हणजे तू, उभं राहून सांगितलं की काम होतं."

मी म्हटलं, "बरं."

ती म्हणाली, "बरं म्हणजे?"

मी म्हटलं, "बरं म्हणजे ऊन उतरायला लागलंय, मला मासळी आत घ्यायची आहे."

तुला आठवतं, तू नवीन लग्न होऊन आलीस तेव्हा आपलं पहिलं भांडण याच पाटावर झालं होतं? तुमच्या डोंगराकडे एकीनं खेळायचं आणि दुसरीनं बघत बसायचं. आमच्या किनाऱ्यावर दोघींनी एकदम सुरुवात करायची, जिचा हात चपळ तिचं फावलं. तू म्हणालीस, हा खेळ नाही, ही लूट आहे. मी म्हटलं, डोंगरातल्यांना घाई कसली असणार! मग दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि एलिसेओ बिचारा जाळं विणत दोघींच्या मधे बसलेला. शेवटी तोच म्हणाला, "असं करा. हरेल तिनं पुढच्या डावासाठी एक नियम करायचा. कुठलाही. जिंकणारीनं निमूट मानायचा." त्याला वाटलं, आपण सुटलो. त्याला काय ठाऊक, त्यानंतर आपण दोघी हरायलाच टपून बसणार होतो! तू हरून नियम केलास की जिंकणारीनं भांडी घासायची. मी हरून नियम केला की भांडी घासताना गाणं म्हणायचं. आणि माझ्यासारखा आवाज असलेल्या बाईनं हे का करावं, हे अजून मला कळलेलं नाही.

आणि तुफानानंतरचा तुझा तो नियम. मूळ खेळात घर भरायला कवड्या उरल्या नाहीत की ते घर जळालं म्हणायचं, पुढे त्यात कुणी काही टाकायचं नाही. तू म्हणालीस, आजपासून जळालेल्या घरात समोरचीनं आपली एक कवडी ठेवायची. त्या दिवसांत मी कुणाच्याच हातचं काही खात नव्हते. त्या संध्याकाळी तू पेज दिलीस ती प्यायले.

असो. पत्रानं खेळायचं तर हरण्याची वाट बघून चालणार नाही, वर्ष जाईल. म्हणून एका पत्रात एक खेळी आणि एक नियम. माझा नियम असा : खेळीबरोबर त्या दिवशी काय जेवलीस आणि कुणाबरोबर, ते लिहायचं. खरं खरं.

नानाय


२ एप्रिल

लिझा,

कालचा उरलेला पाव आणि कॉफी, एकटीनं. याला जेवण म्हणतात का? पाव विकणारी बाई पावच खाऊन राहते, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. कंडक्टरबरोबर सुकी तारली पाठवलीय. तव्यावर नुसती परतून घे, व्हिनेगर आपलं घरच्या माडीचंच आहे, जरा जपून घाल.

तुझी खेळी मांडली. तुझ्या जागेवर बसून तुझ्या कवड्या हलवायच्या आणि मग उठून माझ्या जागेवर यायचं, यानं गुडघे दुखतात, म्हणून तुझ्या बाजूला आता कोरिंगला बसवते. ती चोरते. तुझ्यासाठीच चोरते म्हणा. काल तुझ्या जिंकलेल्या कवड्यांच्या कोठारात तीन कवड्या जास्त निघाल्या.

मी म्हटलं, "कोरिंग, या कुठून आल्या?"

"वाऱ्यानं."

"वारा कवड्या उचलतो?"

"तुझ्या घरात काय वाटेल ते होतं," ती म्हणाली. "न जेवणाऱ्या माणसाचं ताट वाढलं जातं, तर वाऱ्यानं कवड्या का उचलू नयेत?"

तिचं तोंड तुला माहीतच आहे. मी तीन कवड्या काढून घेतल्या.

एलिसेओचं ताट मी अजून वाढते. लपवत नाही. त्यावरूनच तू गेलीस, तेव्हा लपवून काय उपयोग? वर्षश्राद्धाची मिस्सा तू चर्चमध्ये ठरवून आलीस, फादरना तारीखही सांगून आलीस. काळे कपडे उतरवायचे, सगळ्या गावाला जेवण घालायचं, आणि उठायचं. मी म्हटलं, ज्याचं शरीर आलं नाही त्याची मिस्सा मी होऊ देणार नाही. तू म्हणालीस, "नानाय, मग मी किती दिवस दारात उभी राहू?" मी म्हटलं, उभं राहायला कुणी सांगितलंय? बस की. तू पिशवी भरायला लागलीस.

तुझा नियम वाचला : पत्रातल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच. आणि खाली लगेच प्रश्न : "कोर्टात येशील का?" हुशार आहेस. पण आता माझी पाळी आहे आणि माझा नियम असा, की कुठलाही प्रश्न एकदा टाळता येतो. तुझा आधी आला, माझा नंतर, म्हणून माझा वर.

मी टाळते.

माझं पाचवं घर. भात, भोपळ्याच्या पानांची भाजी, एक बांगडा. कोरिंगबरोबर. ती आपलं ताट घेऊन आली आणि माझा बांगडा खाऊन गेली.

नानाय


२९ एप्रिल

लिझा,

तर रविवारी तू आर्नुल्फोच्या घरी जेवलीस. त्याच्याबरोबर आणि त्याच्या आईबरोबर. माशाचं आंबट सार, भात, आणि नंतर तिनं तुला केळी तळून दिली.

खरं लिहायला मीच सांगितलं होतं, तेव्हा तक्रार नाही.

शाळेच्या पोरांचे गणवेश शिवतो, स्वभावानं शांत आहे, तुझ्यापेक्षा थोडा मोठा आहे, एवढं तू त्याच्याबद्दल लिहिलंस. तीन ओळी. आणि त्याच्या आईबद्दल अर्धं पान! ती वाढते कशी, आग्रह कसा करते, पाय दुखतो तरी तुझ्यासाठी बाजारात कशी जाते. साराला आंबट म्हणून काय घालते ती? चिंच ना? शहरात ताजी बातवानची आंबट फळं मिळत नाहीत, आणि चिंच घातलेलं सार म्हणजे नुसता खोकल्याचा काढा. तू माझ्याकडे होतीस तेव्हा चिंचेला हातही लावत नव्हतीस.

वकिलाचा कागद कशासाठी ते आता कळलं. अडाणी असले तरी एवढं कळतं मला. तू लग्न करावंस, तुझं वय आहे. कोण नको म्हणतंय?

तुझा नवा नियम, की टाळलेला प्रश्न पुन्हा विचारता येतो, तो मी पाहिला. मला आता नियम कळेनासे झालेत. लहानपणी आम्ही खेळायचो तेव्हा एक खेळ होता आणि त्याचे नियम होते. आजीनं केलेले असतील, तिच्या आजीनं केलेले असतील, कुणी विचारलं नाही. तेच बरं होतं.

माझी खेळी नाही. खेळ इथंच थांबवू. पाट मी उचलत नाही, मला वाकवत नाही, पण खेळ थांबला.

प्रकृतीला जप.

एपिफानिया


३० जून

लिझा इन्दाय,

तुझी तीन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही, तरी तू खेळी लिहीत राहिलीस. माझ्या वतीनं खेळ्या करून त्यांना उत्तरंही देत होतीस, आणि मला इतकं वाईट खेळवलंस की बघवेना. पण आज लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. मंगळवारी इथं काय झालं ते तुला ठाऊक नाही. इथं आली होती तिनं सांगितलं नसणारच.

सकाळच्या बसमधून एक बाई उतरली. जाडशी, छत्री घेतलेली, चेहरा कागदासारखा पांढरा. डोंगराच्या वळणांनी तिच्या पोटातलं सगळं ढवळून निघालं होतं. माझ्या कुंपणाला धरूनच उभी राहिली. मी तिला आत आणलं, बाकावर आडवं केलं, आल्याचं पाणी दिलं, मग पेज दिली. पेजेबरोबर खारवलेलं अंडं. दोन वाट्या प्यायली. रंग परत आला तेव्हा मी विचारलं, कुणाकडे जायचंय?

"तुमच्याकडेच," ती म्हणाली. "मी प्लासिदा. आर्नुल्फोची आई."

मी वाटी काढून घेणार होते, पण ती रिकामी झालेली होती.

"कागदाचं बोलायला आला असाल तर..." मी सुरू केलं.

"कागदाचं पोरं बघतील. मी बघायला आले."

"काय बघायला?"

"दर रविवारी माझ्या चुलीशी येऊन बसते ती पोरगी कुणाच्या हाताखाली वाढली ते."

"वाढली डोंगरात, आपल्या आईबापाकडे. माझ्याकडे फक्त काही वर्षं होती."

"ते काही खरं नाही," ती म्हणाली. "भाताचं भांडं उतरवलं की झाकणावर ओलं फडकं टाकते. हे डोंगरातलं नाही, किनाऱ्यावरचं आहे. आणि माझ्या साराला नावं ठेवते."

"ठेवते?" मी विचारलं.

"तोंडानं नाही. पण पहिला घोट घेतला की नाक असं करते." तिनं करून दाखवलं. तूच समोर बसलीस असं वाटलं मला. मी हसले बहुतेक, कारण कोरिंग कुंपणापाशी आली काय झालं बघायला.

मग तिचं लक्ष पाटाकडे गेलं. "डाव अर्धा का?"

"बंद केलाय."

"दोघींनी?"

"मी."

"मग तो बंद कसा होईल?" असं म्हणून ती सरळ तुझ्या बाजूला बसली. विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या भागात म्हणे कवड्या पेरताना तोंडातून शब्द काढायचा नाही, शब्द निघाला की पाळी गेली. मी म्हटलं, असला नियम इथं चालणार नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडे नियम कसाही करता येतो असं ऐकलंय." तर तू तिला तेही सांगितलंस!

गप्प राहून खेळायला लागलो. कोरिंग कुंपणापलीकडून मोठमोठ्यानं सल्ले देत होती आणि आम्हा दोघींना तिला गप्प बस म्हणता येईना. तेवढ्यात प्लासिदा कवड्या हातात घेऊन थांबली, आणि पाळी जाणार हे माहीत असून बोलली.

"मला ती मानांग म्हणते. थोरल्या बहिणीसारखं. मी तिच्या आईच्या वयाची! लग्नाचं ठरल्यावर मी म्हटलं, पोरी, आता आईसारखं नानाय म्हण. तिनं भांडी पुसता पुसता सांगितलं, तो शब्द दिलेला आहे." मग कवड्या परत घरात ठेवल्या आणि म्हणाली, "मला राग आला होता. खोटं कशाला सांगू? म्हटलं जाऊन बघावं तरी."

मी उठून अंगणात गेले आणि मासळी उलटली. ती तासाभरापूर्वीच उलटली होती, म्हणजे पुन्हा उलटीची सुलट केली.

तुला एक सांगते, नीट ऐक. त्या कागदावर मी हो म्हणत नव्हते ते एलिसेओसाठी, असं सगळ्या गावाला वाटलं. मलाही वाटलं. एलिसेओ येणार नाही हे मला माहीत होतं. होडीचा तोल धरणारा उलांडीचा बांबू किनाऱ्याला लागला त्याच दिवशी माहीत झालं. होडी बांधताना तो बांबू मीच धरून ठेवला होता, त्यानं दोरी आवळली होती, माझं बोट चिमटलं म्हणून तो घाबरून गेला होता. दोर सुटून तो बांबू आला म्हणजे काय, ते आईला कुणी सांगावं लागत नाही. पण मी मनात हिशेब केला, की ज्या दिवशी मुलगा नाही असं म्हणेन, त्या दिवशी सून कसली उरणार? तुझं माझं नातं जोडणारा तेवढा एकच दोर होता. ताट मी त्याच्यासाठी वाढत होते की तुझ्यासाठी, मला आता सांगता यायचं नाही.

प्लासिदाला दुपारच्या बसला बसवलं. पुढच्या बाकावर बसा म्हटलं, म्हणजे पोट ढवळत नाही, आणि पिशवीत बातवान दिलीत. सार कसं करायचं ते तिला सांगितलंय. तिला पटलं नाही.

तुझा प्रश्न होता. येईन.

माझं पहिलं घर. आणि मधल्या त्या तीन खेळ्या मी मानत नाही. इतकी वाईट मी कधीच खेळले नाही.

नानाय


२५ ऑगस्ट

लिझा,

तू कोर्टात मागच्या बाकावर होतीस आणि डोक्यावर तो पंखा कुरकुरत होता, तेव्हा तुला सगळं ऐकू आलं नसणार. नंतर जेवताना तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. म्हणून लिहिते.

न्यायाधीश बाई चांगल्या होत्या. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. वकिलानं मला सांगून ठेवलं होतं की हो किंवा नाही, एवढंच बोला. पण बाईंनी विचारलं, "तुमचा मुलगा जिवंत नाही असं तुम्हाला कशावरून वाटतं?" याला हो म्हणू की नाही? मी बांबूचं सांगितलं. मग म्हटलं, उशीर होणार असला तर तो निरोप पाठवायचा, बाई. लहानपणापासून. शाळेतून यायला उशीर झाला तरी कुणाला तरी पुढे धाडायचा, आईला सांग म्हणून. जिवंत असता तर आजवर निरोप आला असता.

बाई लिहीत होत्या त्या थांबल्या. म्हणाल्या, "मला तुमच्या तोंडून स्पष्ट हवं आहे."

तेव्हा म्हटलं. माझा मुलगा एलिसेओ वारला. मला वाटलं होतं, हे बोलल्यावर पायाखालची फरशी जाईल. तसं काही झालं नाही. पंखा तसाच कुरकुरत होता. मला फक्त खूप तहान लागली, तर समोर बसून सगळं लिहून घेणाऱ्या कारकुनानं आपला पाण्याचा पेला पुढे केला.

त्यानंच मग विचारलं, "अर्जदार तुमची कोण?"

"सून."

"म्हणजे, होती."

"होती आणि आहे. दोन्ही लिहा."

"दोन्ही लिहिता येत नाही, आजी."

मी न्यायाधीश बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "त्या सांगतायत तसं लिहा." तो असा बघत होता जणू मी त्याच्या कोठारातल्या कवड्या उचलल्या.

निकाल कधी लागायचा तो लागो. मिस्सा मात्र मी नोव्हेंबरमध्ये धरलीय, फादरना सांगून आले. गावजेवण आहे. आर्नुल्फोला म्हणावं, लाजून मागे उभा राहू नकोस, पानं मांडायला माणसं लागतात. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यानं माझ्यावर छत्री धरली आणि स्वतः उन्हात चालला, ते मी पाहिलंय. बोलत नाही फारसा. एलिसेओ बोलून बोलून कान किटवायचा. तुला बदल हवा असेल.

आता जेवणाचं. स्टँडजवळच्या त्या खानावळीत आपण प्लासिदासकट बसलो होतो, शेवयांचा रस्सा आला, तू दिवसभर उपाशी होतीस. तू मान वर न करता म्हणालीस, "नानाय, ती मिरची दे ना." बाटली प्लासिदाच्या समोर होती. तिचा हात पटकन पुढे गेला, आणि मग बाटलीपाशीच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि काही कारण नसताना आपला झगा सारखा करत बसली. मिरची मी उचलून दिली. तू वाडग्यात तोंड घालून होतीस, तुला यातलं काही दिसलं नाही.

घरी आल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून तो हात जात नाही.

तेव्हा हे माझं ऐक. रविवारी तिच्याकडे जाशील तेव्हा तिला नानाय म्हण. एकदम गाजावाजा करून नको, भाजी चिरता चिरता, मीठ मागताना, सहज म्हण. ती गडबडेल, काहीतरी सांडेल, तू लक्ष देऊ नकोस. शब्द आहे तो, वाटला म्हणून माझ्याकडचा कमी होत नाही. हे मी चांगुलपणानं बोलतेय असं समजू नकोस. मला वाईट वाटेल. रविवारी दुपारी इथं बसून मला नक्की वाईट वाटेल, आणि कोरिंगला उगाचच बोल लागेल.

तरी म्हण.

नानाय